निरोप्याचं दुसरं नाव

एकदा एक शिष्य सकाळी पाणवठ्यावर घागर भरायला गेला आणि पाण्याबरोबर एक अर्धं वाक्य घेऊन परतला.

वाक्य अंबूक्काचं होतं. अंबूक्का कोष्टीआळीच्या तोंडाशीच राहायची. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे तिला झाकण न काढता कळायचं. बाई वाईट नव्हती. कुणाचं दुखलंखुपलं तर पहिली धावायचीही तीच. त्या दिवशी ती दोघीतिघींना जवळ घेऊन आवाज अगदी खाली उतरवून सांगत होती, "अगं, निरोप्या आपल्या मनानं कुठं येतोय? तो म्हातारा वैद्य आहे ना, तोच त्याला..."

तेवढ्यात तिची नजर शिष्याकडे गेली आणि वाक्य तिथेच तुटलं.

"भर, भर बाबा. तू आधी भर," असं म्हणत तिने स्वतःची घागर बाजूला सरकवली. आता अंबूक्का आपण होऊन दुसऱ्याला आधी पाणी भरू देते, म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढं त्या शिष्यालाही समजलं. त्याने खाली मान घालून घागर भरली. वाटेत पाणी हिंदकळून त्याचा खांदा भिजला, तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

निरोप्या म्हणजे एक पाखरू. अंगठ्याएवढं, मातकट रंगाचं, गळ्याशी शेंदराचं बोट ओढल्यासारखा ठिपका. दसरा झाला की कुठूनसं यायचं आणि होळीच्या सुमारास निघून जायचं. एका फांदीवर ताठ बसावं, शेपटी वर उडवावी, मध्येच झेप घ्यावी आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसावं, एवढाच त्याचा उद्योग. पण त्या पंचक्रोशीत त्याच्याइतकी धास्ती लोकांना वाघाचीही नव्हती. आजारी माणसाच्या खिडकीशी ते येऊन बसलं की घरच्यांनी समजायचं, वरून निरोप आला. मग रीत ठरलेली होती. काढा थांबवायचा, पेज थांबवायची, अंथरूण काढून माणसाला सारवलेल्या भुईवर घ्यायचं, ओठाला तुळशीपत्राने पाणी लावायचं आणि वाट पाहत बसायचं. एक वाक्यही ठरलेलं होतं. घरातलं कुणी वडीलधारं ते म्हणे आणि बाकीचे माना हलवत, "निरोप आला की औषध लागत नाही."

शिष्याने ते वाक्य स्वतःच्या वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. त्याचं गाव तिथून तीन कोसांवर. आईच्या मांडीला गळू झालं होतं, आणि कुंपणावर निरोप्या बसला. आईला भुईवर घेतलं. त्यानंतर दीड दिवस ती पाणी मागत होती. पहिल्या दिवशी त्याचं नाव घेऊन मागत होती, मग नुसती जीभ हलवत होती. तो तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता. तांब्या हातात घेऊन उभा होता. वडील म्हणाले, "ठेव तो खाली. तिला अडवू नकोस." त्याने तांब्या खाली ठेवला. पुढे सात वर्षं तो तांब्या त्याच्या हातून खाली ठेवला जातच राहिला. औषध लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं, हे शिकायचं म्हणून तो या वृद्ध वैद्यांच्या दारी आला. त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती.

वैद्यबुवा पंचाहत्तरीला टेकलेले. हात स्थिर, बोलणं मोजकं. विद्या देताना हातचं राखत नसत. पण त्यांची एक सवय शिष्याला उलगडत नव्हती. थंडीच्या दिवसांत रोज सकाळी ते काठी घेऊन आळीआळीतून फिरत. समोरच्या माणसाने रामराम घातला तरी लक्ष नसे. नजर वर, झाडांच्या शेंड्यांवर, दांड्यांवर, कौलांच्या कडांवर. निरोप्या ज्या घराशी दिसेल त्या घरी बुवा न बोलावता जायचे. काही जण दार लावून घेत. काही जण तोंडावर सांगत, "आता कशाला आलात?" बुवा ओट्यावर बसून राहत. कधी आत घेतलं जाई, कधी नाही.

आधी पाखरू आणि मागून म्हातारा. सगळं गाव हे बघत होतं. शिष्यही बघत होता. पण पाणवठ्यावरच्या त्या अर्ध्या वाक्याने त्याच्या पाहण्याला काटा फुटला. तोच त्याला... काय? बोलावतो? पाळतो? धाडतो?

त्या सकाळी शिष्य नेहमीसारखा औषधांचा बटवा घेऊन बुवांच्या मागे निघाला खरा, पण दोन पावलं जास्त अंतर ठेवून.

कोष्टीआळीत सोनबाच्या घरापाशी बुवा थांबले. खिडकीबाहेर सूत वाळत घालायची दांडी होती आणि दांडीवर निरोप्या बसला होता. घरातून मागाचा आवाज नव्हता. सोनबाचा माग एरवी अंधार पडेपर्यंत थांबत नसे.

दार सोनबाच्या बायकोने उघडलं. कोंडाबाई तिचं नाव. डोळे सुजलेले, पण पदर नीट खोचलेला.

"बुवा, आता नका येऊ," ती म्हणाली. "काल सकाळीच निरोप्या बसला. आम्ही खाली घेतलंय."

"पाणी?"

"तुळशीपत्रानं लावतोय ना ओठाला."

"कालपासून तेवढंच?"

बुवांनी काठी भिंतीला टेकवली आणि तिच्या बाजूने वाकून आत गेले. शिष्य उंबऱ्यावर अडला. सारवलेल्या भुईचा वास, कोपऱ्यात तांब्या, तांब्यावर तुळशीचं पान. त्याचे पाय आत जाईनात.

"बटवा," आतून बुवांचा आवाज आला. तो आत गेला.

सोनबा चाळिशीतला गडी, पण भुईवर अंगाची जुडी होऊन पडला होता. ओठांना भेगा. अंगातून भट्टीसारखी धग येत होती. उजव्या पावलाला नव्या कोऱ्या कापडाची जाड पट्टी. पंधरवड्यापूर्वी मागाच्या खड्ड्यात उतरताना त्याच्या तळव्यात बांबूची कामटी घुसली होती. कोष्ट्यांमध्ये अशा जखमेला आपल्याच मागावरचं, खळ न धुतलेलं कापड बांधायची चाल आहे. हातचं कापड हातचं दुखणं ओढून घेतं म्हणतात. सोनबाने ते बांधलं आणि पुन्हा खड्ड्यात पाय सोडून मागाच्या पावड्या दाबत विणत बसला. लुगडं लग्नघरी द्यायचं होतं.

शिष्याला वाटलं, बुवा आता नाडी बघतील. पण त्यांनी रोग्याकडे पाठ केली, खिडकी सताड उघडली आणि दांडीवरच्या त्या पाखराकडे टक लावून उभे राहिले.

कोंडाबाईच्या तोंडून हुंदका फुटला. "अहो, त्याला आत कशाला घेताय? हाकला ना त्याला!"

निरोप्याने झेप घेतली. खिडकीतून थेट आत आला, चोचीचा टक् असा आवाज झाला आणि क्षणात तो पुन्हा दांडीवर. पुन्हा आला. टक्. पुन्हा दांडीवर.

"कुठं येतोय तो?" बुवांनी शिष्याला विचारलं.

"आत येतोय."

"आत म्हणजे कुठं? तोंडाशी? छातीशी?"

शिष्याने नीट पाहिलं. तिसऱ्या खेपेला त्याला दिसलं. "पायाशी, बुवा. पट्टीपाशी."

"मग सोड ती पट्टी."

कोंडाबाई आडवी आली. "ह्यांनीच सांगितलंय, मंगळवारपर्यंत सोडायची नाही."

"पोरी," बुवा म्हणाले, "मंगळवारपर्यंत थांबलो तर सोडायला कुणी उरणार नाही."

शिष्याने पट्टी सोडली. खळीने घट्ट झालेले पदर एकेक करून निघत होते आणि प्रत्येक पदरागणिक वास वाढत होता. शेवटचा पदर निघाला तेव्हा माशांचा लोट उठला. आत काय होतं ते इथे लिहीत नाही. जखम हलत होती, एवढंच सांगते.

मग दिवसभर दोघे खपले. कडुनिंबाचं पाणी उकळलं, चिमट्याने एकेक अळी वेचली, सडलेलं कापलं. बुवांनी सोनबाला पुन्हा अंथरुणावर घ्यायला लावलं. शिष्याने तांब्या उचलला, वरचं तुळशीचं पान काढून ठेवलं आणि पळी सोनबाच्या तोंडाला लावली. सोनबाने पळी दातांत धरली, सोडेना. अर्धं पाणी उशीवर गेलं; शिष्याने पुन्हा पळी भरली.

दुसऱ्या दिवशी सोनबा शुद्धीवर आला. बायकोला म्हणाला, "लुगड्याचा वीतभर पदर राहिलाय गं. तेवढं माझ्या दादाला विणायला सांग. त्याचा हात माझ्यासारखाच बसतो." मग एक वाटी पेज प्याला. अंगणात बसलेल्या लोकांत कुजबुज झाली, निरोप्याला चकवलं म्हणून. अंबूक्काने स्वतः येऊन चूल सांभाळली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोनबा गेला. विष मांडीपर्यंत चढलं होतं.

अंगण भरलं होतं. रडारड जराशी ओसरल्यावर कोंडाबाई उठून बुवांसमोर आली. दांडीवर ते पाखरू होतंच.

"बुवा," ती म्हणाली, "निरोप आला होता म्हणूनच ना? नाहीतर वाचले असते असं नाही ना?"

शिष्य बुवांकडे बघत होता. 'होय' म्हणणं किती सोपं होतं. त्या एका शब्दाने बाईचं ओझं उतरलं असतं, बुवांचंही उतरलं असतं, गावाची रीत जागच्या जागी राहिली असती. बुवांचे ओठ हलले आणि मिटले. मग ते हळूच ओट्याच्या कडेवर बसले.

"बाई, तू विचारलंस तेच मला चाळीस वर्षांपूर्वी एका आईनं विचारलं होतं," ते बोलू लागले. "गवळवाड्यात. तिच्या तरण्या मुलाच्या पाठीला फोड होता, वर पट्टी होती. मी बघायला गेलो त्या दिवशी मला एका मुंजीचं जेवण होतं. अंगावर धुतलेलं धोतर होतं. पट्टीतून वास येत होता, मला कळत होतं. सोडली असती तर हात भरले असते, पुन्हा आंघोळ करावी लागली असती, पंगत चुकली असती. मी पट्टीवरूनच लेप लावला आणि जेवायला गेलो. चार दिवसांनी मुलगा गेला. ती माउली मला म्हणाली, वैद्यबुवा, आमचं काय चुकलं? कुंपणावर हेच पाखरू बसलं होतं. मी त्याच्याकडे बोट केलं."

बुवांची नजर दांडीवरच्या पाखराकडे गेली.

"मी म्हणालो, तो बघा निरोप्या. निरोप आला की औषध लागत नाही. त्याआधी त्या पाखराला या गावात नावच नव्हतं. मी जीव वाचवायला एक शब्द उच्चारला, स्वतःचा जीव. तिला तेवढ्यानं बरं वाटलं. माझं नाव राहिलं. पुढच्या थंडीत दुसऱ्या एका घरी पाखरू बसलं, आणि त्या लोकांनी माझं औषध मला न विचारताच थांबवलं. मग तिसऱ्या घरी. दहा वर्षांत आसपासच्या वाड्यावस्त्यांवर तीच रीत झाली. मी त्याच्या मागे मागे धावत राहिलो. ते बसेल तिथे जखम आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून पोचत होतो. पण का पोचतो ते कधी सांगितलं नाही. सांगायचं तर गवळवाड्यातलं सांगावं लागलं असतं."

कोंडाबाईचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हणजे आम्ही त्यांचं पाणी तोडलं..."

"तुम्ही नाही तोडलंत," बुवा म्हणाले. "मी तोडलं. चाळीस वर्षांपूर्वी."

शिष्य अंगणातून बाहेर पडला. कुठे चाललोय हे त्याला कळत नव्हतं. तीन कोसांवरचं गाव, कुंपण, तांब्या, वडिलांचं ते वाक्य. वडिलांनी ते कुठून आणलं होतं, हे त्याला आता समजलं होतं. तो नदीकाठी जाऊन बसला. दिवस कलायला लागला तेव्हा काठीचा आवाज आला. बुवा येऊन हातभर अंतरावर बसले.

"तू आलास त्या दिवशी आईचं सांगितलंस," ते म्हणाले. "तेव्हाच तुला सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलंत?"

"तू निघून गेला असतास."

"आता जाणार नाही असं कशावरून?"

"जाशीलही," बुवा म्हणाले. "तो तुझा हक्क आहे. जाण्याआधी एवढं ऐक. नाव देणारा जिथे बघत असतो तिथलंच नाव वस्तूला पडतं. मी माझ्या धोतराकडे बघत होतो, घरचे मरणाकडे बघत होते. त्या पाखराच्या चोचीत काय आहे हे आमच्यापैकी कुणीच बघितलं नाही. जिथं सडतं तिथं माशी येते आणि माशी येते तिथं ते येतं. ते बिचारं रोज सकाळी बोट करून सांगत होतं, इथं बघा, इथं जखम झाकली आहे. आणि आपण त्यालाच मरण म्हणालो. एकदा कशाला मरण म्हटलं की माणूस पुढे बघत नाही. भुईवर घेतो आणि वाट पाहतो."

क्षमा केली, असं शिष्य म्हणाला नाही; बुवांनीही मागितली नाही. अंधार पडायच्या आत तो उठला, बुवांनी उठायला हात पुढे केला तेव्हा क्षणभर त्या हाताकडे बघत राहिला आणि मग तो धरला.

दहाव्याच्या दिवशी दोघे सोनबाच्या घरी गेले. कोंडाबाई खिडकीशी बसली होती. सुतकात बाईला दुसरं काम काय. दहा दिवस ती त्या दांडीकडेच बघत बसली होती. पाखरू अजून येत होतं. अंगणात उष्टीखरकटी पडत होती, माशांना काय तोटा.

"बुवा, मी मोजलं," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "एका सकाळी साठ-सत्तर माशा मारतो. गेली दहा वर्षं मी ह्याच्या नावानं थरथर कापत होते." तिने नाक पुसलं. "निरोप्या कसला आलाय. माशीमार आहे मेला नुसता."

तेच नाव पडलं. बुवांनी दिलं नाही, शिष्यानेही दिलं नाही. ते तिने दिलं, कारण बघत तीच बसली होती.

नव्या नावाने जुनं नाव एका दिवसात पुसलं गेलं असं मात्र नाही. काही घरांतून बुवांना त्यानंतर उंबऱ्याच्या आत कधीच घेतलं नाही. गवळवाड्यातली ती म्हातारी अजून हयात होती. बुवा तिच्या दारी जाऊन दिवसभर बसले. तिने दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बुवांनी जाणं सोडलं नाही.

शिष्यही गेला नाही. फक्त आता सकाळी वर बघत पुढे तो चालायचा आणि काठी टेकत मागून बुवा.

असाच एकदा तो पाणवठ्यावर घागर भरत असताना अंबूक्काने त्याला गाठलं. या खेपेला आजूबाजूला कुणी नव्हतं.

"एक विचारू का रे? रागावू नकोस," ती म्हणाली. "मी आपली सगळ्यांना सांगत होते, म्हाताराच त्या पाखराला घरोघर धाडतो म्हणून. खरं की खोटं?"

शिष्याने घागर कडेवर घेतली. "अर्धं खरं होतं, अक्का. पाखरू त्यांनी धाडलं नाही. नाव धाडलं होतं."

अंबूक्का गप्प झाली. हे तिच्या बाबतीत फारसं घडत नसे. मग दोन पावलं त्याच्या मागून आली आणि अगदी हळू, पाणवठ्यालाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "आमच्या आत्याबाई पडून आहेत महिनाभर. कंबरेला फडकं बांधलंय. पाखरू काही बसलेलं नाही अजून. पण वास येतो रे."

शिष्याने भरलेली घागर तिथेच पायरीवर ठेवली.

"चला," तो म्हणाला. "पाखराची कशाला वाट बघायची?"